अपघाताच्या जागी पहिली पाच मिनिटं: माणसाकडे बघायचं कसं?

रानजाई · २३ जून, रात्री १०:१२

पावसाळा लागला की आमच्या बचाव पथकात नवी पोरं-पोरी येतात. उत्साह दांडगा. बहुतेकांचा एखादा प्रथमोपचाराचा वर्ग झालेला असतो, त्रिकोणी बँडेज झकास बांधतात, हाताला झोळी घालता येते. पहिल्या सरावाला आम्ही दोन खोटे जखमी मांडतो. एकाच्या पोटरीला लाल रंग फासायचा आणि त्याला मनसोक्त बोंबलायला सांगायचं. दुसऱ्याने दहा पावलं लांब, पोटावर हात ठेवून गप्प पडून राहायचं. सगळी गर्दी बोंबलणाऱ्याभोवती जमते. गप्प पडलेल्याकडे कोणी फिरकत नाही, आणि आमच्या कागदावर जीवावर बेतलेलं असतं ते नेमकं त्याच्याच.

म्हणून हा धागा. यात उपचार फारसे नाहीत. अँब्युलन्स येईपर्यंत जखमीकडे कसं बघायचं, कोणत्या क्रमाने आणि का, एवढंच. इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर म्हणजे तिथे सगळ्यात आधी पोचणारा प्रशिक्षित माणूस: ट्रेक लीडर, पोलीस, अग्निशमन दलाचा जवान, समुद्रावरचा जीवरक्षक, कारखान्यातला सेफ्टीवाला. त्याच्याकडे ना औषधं ना मशिन. डोळे, कान, हात आणि सेकंदकाट्याचं घड्याळ. तेवढ्यात पुष्कळ कळतं.

आधी जागा बघा. पळत सुटू नका, वीस-पंचवीस फुटांवर थांबा. घाटात उलटलेल्या टेम्पोजवळ मदत करणाऱ्यांनाच मागची गाडी उडवून जाते. तार तुटून पडलीय का, पेट्रोलचा वास येतोय का, दरड अजून सुटतेय का? आग्यामोहोळ उठलेलं असताना उघड्या अंगाने धावलात तर जखमी एकाचे दोन होतील. जखमी किती, तेही आत्ताच मोजा, कारण गाडीबाहेर फेकला गेलेला माणूस झुडपात असतो आणि त्याची आठवण अर्ध्या तासाने होते. किती उंचीवरून, कशावर पडला, हेल्मेट होतं का, हे दिसतंय तेवढं डोक्यात ठेवा. ग्लोव्हज चढवा. फोनचं काम गर्दीवर सोडू नका, एकाकडे बोट दाखवून सांगा: ‘तुम्ही, निळा शर्ट, १०८ लावा आणि काय म्हणाले ते मला येऊन सांगा.’

मग जवळ. चालत जातानाच बरंच कळतं. गुडघ्यावर हात टेकून पुढे वाकून बसलाय म्हणजे दम लागलाय. खाली बसून आपलं नाव सांगा आणि ‘काय झालं?’ विचारा. पूर्ण वाक्यात नीट उत्तर आलं तर श्वासमार्ग मोकळा आहे, श्वास चालू आहे, मेंदूला रक्त पोचतंय. दोन-दोन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागत असेल तर मामला गंभीर. उत्तरच नाही आलं तर चार पायऱ्या: जागा आहे, हाकेला प्रतिसाद देतो, दुखवल्यावर देतो, कशालाच देत नाही. दुखवणं म्हणजे मान आणि खांद्यामधला स्नायू चिमटीत दाबणं. थोबाडीत मारणं नाही, गदागदा हलवणं तर नाहीच. कोणती पायरी, ते वेळेसकट लक्षात ठेवा. दहा मिनिटांनी तो एक पायरी खाली उतरला असेल तर त्या उतरण्याला पहिल्या पायरीपेक्षा जास्त अर्थ आहे.

रक्त भळाभळा वाहत असेल, पिचकारी उडत असेल, तर बाकी सगळं नंतर. तळहाताने, अंगाचं वजन टाकून दाबून धरा किंवा दुसऱ्याला धरायला लावा. खरचटल्याचं रक्त असेल तर सरळ दुर्लक्ष करा.

मग श्वासमार्ग. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडलीय, गुळगुळ आवाज म्हणजे तोंडात रक्त किंवा उलटी. कपाळावर हात ठेवून डोकं मागे आणि हनुवटी वर. उंचावरून पडलेला असेल, मानेची शंका असेल, तर डोकं न हलवता जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांमागे बोटं घालून जबडा पुढे ढकला. त्याने भागलं नाही तर डोकं मागे घ्याच. मान वाचवायची म्हणून श्वास कोंडू द्यायचा नसतो.

आणि मग श्वास. हा धागा लिहायचं खरं कारण हेच. नाडी सगळे बघतात, सिनेमात पाहिलेली असते. श्वास कोणी मोजत नाही. रक्त आत कुठे वाहत असेल, छातीत हवा कोंडली असेल, विष चढत असेल, साखर बेसुमार वाढली असेल, तर श्वासाची गती पुष्कळदा सगळ्यात आधी बदलते. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० ठीक. २५च्या वर गेले की सावध, ३०च्या वर किंवा १०च्या खाली म्हणजे परिस्थिती वाईट. मोजतोय हे रुग्णाला सांगायचं नाही, कळलं की तो श्वास बदलतो. मनगट धरून नाडी बघतोय असं भासवा आणि नजर छातीवर ठेवा. तीस सेकंद मोजून दुप्पट करा, लय तुटक असेल तर पूर्ण मिनिट. रेनकोट किंवा जाड जॅकेट असेल तर चेन उघडा, आत हात ठेवा. मोजतानाच बघा की दोन्ही बाजू सारख्या वर येतात का, गळ्यातले स्नायू ताणले जातात का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का.

नाडी मनगटाला लागते का, जलद आहे का, कातडी कशी आहे. गार, ओली, फिकट कातडी आणि अस्वस्थ माणूस म्हणजे शॉक (शरीराला पुरेसं रक्त पोचत नाही), बाहेर रक्त दिसो वा न दिसो. आपल्याकडच्या सावळ्या रंगावर फिकटपणा चटकन कळत नाही, म्हणून खालची पापणी ओढून आतला रंग बघा, ओठांची आतली बाजू बघा. नख पाच सेकंद दाबून सोडा, रंग दोन सेकंदांत परतला पाहिजे. पावसात भिजून बोटं गारठली असतील तर ही चाचणी फसवते, तेव्हा छातीच्या मधल्या हाडावर दाबून बघा.

शेवटी गरजेपुरते कपडे उघडून बघा, पाठसुद्धा, आणि लगेच झाका. ओला माणूस वाऱ्यात झपाट्याने गार पडतो आणि गारठलेल्याचं रक्त लवकर गोठत नाही.

एवढ्याला सरावाने दीड मिनिट लागतं. विचारपूस आणि डोक्यापासून पायापर्यंतची तपासणी यानंतर. त्याबद्दल प्रतिसादांत लिहीन, आता हात दुखले.

नुसताच_वाचक · २३ जून, रात्री १०:४७

वाचनखूण साठवली. एक शंका. बेशुद्ध आहे, पण मध्येच तोंड उघडून मोठा श्वास घेतोय, मग बराच वेळ काही नाही, मग परत एक. हा ‘श्वास चालू आहे’ मध्ये धरायचा का?

रानजाई · २३ जून, रात्री ११:०५

नाही! बरं झालं विचारलंत. मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसं ते आचके देणं असतं. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं असं होऊ शकतं, आणि ‘श्वास आहे की, थांबा जरा’ म्हणत लोक नेमका तोच वेळ घालवतात. बेशुद्ध आहे आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरे. हे ठरवायला दहा सेकंदांच्या वर घेऊ नका. छातीच्या मध्यावर दाब सुरू करा, मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. फोन स्पीकरवर ठेवा.

चहाटळ · २४ जून, सकाळी ८:२०

लेख छान, पण जरा पुस्तकी. शहरात हॉस्पिटल पाच मिनिटांवर असतं. तिथे श्वास मोजत बसायचं की उचलून रिक्षात घालायचं? आणि शेवटी पोलीस विचारणार, तूच उडवलंस का. नाव-पत्ता द्या, कोर्टात खेटे घाला. त्यापेक्षा लांबून १०८ लावा आणि सटका, असं माझे काका म्हणतात आणि मला ते चूक वाटत नाही.

लीड्सकर · २४ जून, दुपारी १२:३१

इकडे इंग्लंडात अँब्युलन्सवर काम करतो. रानजाई, क्रम अगदी बरोबर. आमच्याकडेही भळाभळा वाहणारं रक्त श्वासमार्गाच्या आधी येतं.

श्वासाच्या मुद्द्याला दुजोरा म्हणून: इथे सरकारी आरोग्यसेवेत रुग्ण बिघडतोय का हे ओळखायला नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर वापरतात, त्याची दुसरी आवृत्ती २०१७ची. त्यात श्वास १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ ला थेट दोन, २५ किंवा जास्त असेल तर तीन, आणि एका मापाला तीनच्या वर गुण मिळत नाहीत. म्हणजे बाकी सगळं ठीक असूनही निव्वळ २६ श्वासांवर आम्ही डॉक्टरला बोलावतो.

एक जुना समज मात्र काढून टाका. ‘मनगटाला नाडी लागली म्हणजे वरचं बीपी ८० तरी आहे, जांघेत लागली तर ७०, मानेला लागली तर ६०’ हे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रक्तस्रावाच्या रुग्णांवरचं एक छोटं निरीक्षण आलं, धमनीत नळी घालून मोजलेलं. पुष्कळांचं बीपी या आकड्यांपेक्षा बरंच खाली होतं आणि तरी नाडी लागत होती. मनगटाची नाडी गेली तर ती वाईट खूण आहेच, पण लागतेय म्हणून निर्धास्त होऊ नका. तरुण माणूस तर रक्त गेलं तरी बराच वेळ बीपी धरून ठेवतो आणि मग एकदम कोसळतो.

शीतल_सिस्टर · २४ जून, दुपारी ३:१०

चहाटळ, तुमच्या काकांना सांगा की तो काळ गेला. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्ती नाही, हॉस्पिटलने थांबवून ठेवायचं नाही, पैसे मागायचे नाहीत. प्रत्यक्षात एखादा हवालदार अजूनही जुन्या वळणाने विचारतो, ते मी नाकारत नाही. शांतपणे कलम सांगा.

आता माझा मुद्दा. मी कॅज्युअल्टीला असते, कुठल्या ते सोडा. अपघाताचा पेशंट येतो तेव्हा सोबत सहा माणसं, सहाही एकदम बोलतात. ‘सिस्टर लवकर बघा, लई लागलंय.’ अहो, ते दिसतंय. मला हवं असतं ते असं: किती वाजता झालं, कशाने झालं, तुम्हाला काय काय लागलेलं दिसलं, शुद्ध आणि श्वास-नाडी सुरुवातीला कशी आणि आत्ता कशी, तुम्ही काय केलंत. अर्ध्या मिनिटात होतं. मधे बेशुद्ध होऊन परत शुद्धीवर आला होता का, हे फक्त तिथे असलेल्या माणसालाच माहीत असतं. आमच्यासमोर पेशंट टकटकीत बसलेला असतो, ‘काही नाही सिस्टर, घरी जाऊ द्या’ म्हणतो. डोक्यात आत रक्त साचत असेल तर मधले काही तास असाच टकटकीत दिसतो. ती एक माहिती पोचली तर सीटी स्कॅन लगेच होतो.

आणि श्वासाबद्दल, घरचीच धुणी धुते. रेफर होऊन आलेल्या चिठ्ठ्या बघा. बीपी वेगवेगळं, नाडी वेगवेगळी, श्वास मात्र सगळ्यांचा १८. धापा टाकणाऱ्याचाही १८. मोजलेलाच नसतो, सवयीने लिहिलेला असतो.

डॉ_पिंपळपान · २४ जून, सायंकाळी ६:४४

शीतलताई, १८ किंवा २०. विषम आकडा दिसला की मी खूश होतो, म्हणजे कोणीतरी खरंच पूर्ण मिनिट मोजला.

मी बालरोगतज्ज्ञ, सुरुवातीची काही वर्षं गडचिरोली भागात होतो. श्वास मोजणं हे फक्त डॉक्टरचंच काम नाही याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेविकांना आणि दायांना बाळाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना मोजदाद येत नव्हती त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं. गावातच न्यूमोनिया ओळखून औषध दिल्याने बालमृत्यू घटले, आणि तो अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. स्टेथोस्कोप नाही, एक्स-रे नाही.

लहान मुलांना मोठ्यांचे आकडे लावू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. बाळ शांत असताना, पूर्ण मिनिट मोजायचा. रडणाऱ्या बाळाचा आकडा निरुपयोगी.

मुलाकडे लांबूनच बघा, आईच्या मांडीवरून उचलू नका. तीन गोष्टी: हालचाल आणि नजर कशी, श्वासाला कष्ट पडतात का, रंग कसा. हातपाय झाडत मोठ्याने रडणारं मूल त्या क्षणी तरी बरं असतं. लुळं पडून कण्हणारं मूल बघितलं की मी धावतो.

वऱ्हाडी_माणूस · २४ जून, रात्री ९:०२

आमच्याकडं अपघातापेक्षा फवारणीचं जास्त. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, कापसावर फवारता फवारता वीसच्या वर माणसं गेली. तेव्हापासून आमच्या गावात आम्ही दोघं-तिघं हे शिकून घेतलं.

माणूस धुऱ्यावर पडलेला सापडतो. लोक म्हणतात ऊन लागलं, नाहीतर पिऊन पडला. बघायचं काय? बुबुळाची बाहुली. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या फवारणीच्या औषधाने ती टाचणीच्या टोकाएवढी होते. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला दरदरून घाम, कपड्यात लघवी-संडास, स्नायू फुरफुरतात, छातीत घरघर. ऊन जास्त झालेल्याचं अंग भट्टीसारखं असतं, पण बाहुली अशी होत नाही. सगळीच औषधं असं करत नाहीत, म्हणून बाहुली मोठी आहे तर विष नाही असं धरू नका.

जागा बघण्याचा रानजाईंचा मुद्दा इथं फार लागू. भिजलेले कपडे म्हणजे तेच विष. ग्लोव्हज घालून कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, केस आणि नखंही. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका. आणि डबा सोबत न्या. त्याच्यावर रंगाचा त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. नुसता रंग सांगून डॉक्टरचं भागत नाही, औषधाचं नाव पाहिजे. दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची पद्धत आहे, म्हणून पंपाजवळ पडलेले सगळे डबे उचला.

चहाटळ · २४ जून, रात्री ९:४०

कलम १३४अ मान्य, काकांना फॉरवर्ड केलं. पण रिक्षाचं उत्तर राहिलं.

रानजाई · २४ जून, रात्री १०:३०

राहिलं खरं. हॉस्पिटल खरंच पाच मिनिटांवर असेल आणि गाडी समोर उभी असेल तर थांबू नकाच. पोटात किंवा छातीत रक्त वाहत असेल तर त्याला ऑपरेशन टेबल हवंय, तुमची तपासणी नको. पण उचलायच्या आधीचं ते दीड मिनिट सोडू नका. जीभ मागे पडलेल्याला रिक्षात दुमडून बसवलंत तर तो पाच मिनिटंही काढत नाही. रक्त दाबून न धरता नेलात तर वाटेतच संपतो. आणि श्वास गाडीतही मोजता येतो.

घाटात, किल्ल्यावर, समुद्रकिनारी गणित वेगळं. तिथे माणूस तुमच्या ताब्यात दोन तास, कधी रात्रभर. आपल्या राज्यात १०८च्या गाडीत डॉक्टर येतो, २०१४ पासून ही सेवा आहे, पण गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येणार. तिथवर आणायचं काम आपलं.

आता राहिलेला भाग. विचारपूस. काय होतंय, कसली ॲलर्जी आहे का, औषधं कोणती चालू आहेत, आधीचे आजार, शेवटचं कधी आणि काय खाल्लं, हे होण्याआधी काय करत होता. सहा गोष्टी, क्रम कसाही चालेल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डोक्याचा किरकोळ मारही किरकोळ नाही. शेवटचा प्रश्न पोरं हमखास गाळतात. ‘पाय घसरून पडला’ आणि ‘चक्कर येऊन पडला’ यात दोन वेगळे रुग्ण आहेत.

उत्तर तोंडात घालू नका. ‘छातीत दुखतंय का?’ विचारलं की गडी ‘नाही नाही’ म्हणतो. ‘काय होतंय, तुमच्या शब्दांत सांगा’ म्हटलं की येतं: भरून आल्यासारखं, आवळल्यासारखं, जीव घाबरा होतोय, जबडा दुखतोय. आपल्याकडे हार्ट अटॅकचं टोपणनाव ‘गॅस’ आहे. पन्नाशीचा माणूस चढावर थांबून घामाघूम होऊन ‘पित्त झालंय, सोडा द्या’ म्हणत असेल तर त्याला बसवा आणि १०८ लावा. बायका आणि मधुमेही यांना तर छातीत दुखलंच पाहिजे असंही नाही, नुसता दम आणि गळून गेल्यासारखं.

तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी असलं तरी लकव्याची शंका घ्या आणि शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ती वेळ विचारा. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची मुदत साधारण साडेचार तास, आणि ती त्या वेळेपासून मोजतात, सापडला तेव्हापासून नाही. साखर मोजायचं यंत्र कोणाकडे असेल तर बघा, ७० च्या खाली गेलेली साखर हुबेहूब लकव्यासारखं सोंग आणू शकते.

मग डोक्यापासून पायापर्यंत हाताने चाचपणं. केसांत, कानामागे, मानेचे मणके, हासळीची हाडं, बरगड्या दोन्ही बाजूंनी, पोट चार भागांत, मांड्या, पायाची बोटं हलवता येतात का. ग्लोव्हजकडे मधून मधून बघा, रक्त पाठीखालून लागलेलं असतं. कंबरेचं हाड दाबून हलवून बघू नका, तुटलेलं असेल तर बसलेली गुठळी सुटते. मांडीचं हाड मोडलं तर बाहेर थेंब न दिसता लिटर-दीड लिटर रक्त आत जाऊ शकतं. पाच लिटरांतलं.

आणि पुन्हा पहिल्यापासून. गंभीर असेल तर दर पाच मिनिटांनी, बरा असेल तर पंधरा. तीच माणसं, तेच आकडे, कागदावर एकाखाली एक.

कोकणातला_बाळू · २५ जून, सकाळी ७:१५

सापाबद्दल कोणीच कसं नाही? एक भर घालतो. दंशाच्या दोन खुणा शोधत बसू नका. मण्यार चावलेलं पुष्कळदा कळतसुद्धा नाही, ना सूज ना आग. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, उघडत नाहीत, गिळता येत नाही, आवाज बदलतो. घरचे म्हणतात जागरण झालंय. अशा वेळी पहिला संशय मण्यारीचा, आणि बघत राहायचं ते श्वासाकडे, कारण विष शेवटी श्वासाचे स्नायू थांबवतं. घोणस आणि फुरसं यांत सूज आणि हिरड्यांतून, लघवीतून रक्त. साप मारून आणायची गरज नाही. दोरी आवळून बांधू नका, अंगठी-बांगड्या मात्र काढून ठेवा.

विंचवाचंही सांगतो. लाल विंचू चावलेल्या मुलाला घाम फुटून हातपाय गार पडले तर ‘उतरेल’ म्हणून थांबू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची (रक्तदाब उतरवणारी) गोळी लावून दाखवेपर्यंत अशी मुलं फुप्फुसात पाणी भरून जायची. ती गोळी वेळेवर मिळायला हवी.

मोगरीताई · २५ जून, दुपारी १:५०

फार उपयुक्त धागा. दहीहंडीला आमच्या चौकात दर वर्षी कोणी ना कोणी पडतं. लोक लगेच काखेत हात घालून उभं करतात, ‘चाल, चाल, काही नाही झालं’. आणि फिट आली की चप्पल हुंगवणारे एक काका प्रत्येक सोसायटीत राखीव असतात.

रानजाई · २५ जून, दुपारी २:२५

काकांना काम द्या: घड्याळ बघायचं. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर आणीबाणी, ती वेळ कोणालाच सांगता येत नाही. तोंडात चमचा, चप्पल, कांदा काही नको. थांबल्यावर कुशीवर वळवा आणि श्वास बघा.

हंडीवरून पडलेल्याला आधी जागच्या जागी पडू द्या. समोरून जाऊन बोला म्हणजे तो मान वळवणार नाही. हातापायांना मुंग्या, बधिरपणा, मानेच्या मध्यावर दुखणं, यातलं काही असेल किंवा तो नीट सांगण्याच्या स्थितीत नसेल, तर डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवायला एक माणूस बसवा. हेल्मेट असेल आणि श्वास व्यवस्थित असेल तर राहू द्या. काढायचंच झालं तर दोघांनी.

नुसताच_वाचक · २५ जून, रात्री ८:३३

शेवटचा प्रश्न. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आहेत. तो पिशवीत ठेवला तर श्वास मोजायची कटकट वाचेल ना?

लीड्सकर · २५ जून, रात्री ११:१८

ठेवा जरूर, पण कटकट वाचणार नाही. ऑक्सिजनचा आकडा उशिरा पडतो. शरीर आधी श्वास वाढवून तो सांभाळून घेतं, त्यामुळे ९७ दिसत असताना माणूस मिनिटाला ३२ श्वास घेत असू शकतो. बोटं गार असतील, नेलपॉलिश असेल, रक्त कमी पोचत असेल तर आकडा येत नाही किंवा चुकीचा येतो. गडद कातडीवर तो थोडा जास्त दाखवू शकतो, म्हणजे आपल्यासाठी आणखी एक खोट.

सगळ्यात मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. बंद बाथरूममधला गॅस गीझर, खोलीत पेटवलेली शेगडी, तंबूत चालू ठेवलेला स्टोव्ह. रुग्ण बेशुद्ध आणि ऑक्सिमीटर सांगतो ९९, कारण त्याला दोन वायूंतला फरक कळत नाही. तिथे जागाच निदान सांगते: दार बंद होतं, गीझर चालू होता, घरात आणखी कोणाचं डोकं दुखतंय. दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला बाहेर ओढा आणि तपासणी बाहेर येऊन करा.